दारव्ह्यात बसून आर्थिक सल्लागार होता येतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी बी.कॉम. झालोय, वय २६. यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी पतसंस्थेत कारकून आहे, संध्याकाळी पिग्मी गोळा करतो. आर्थिक सल्लागार व्हायचंय. पुढे टीव्हीवर, पेपरात अर्थविश्लेषक म्हणून बोलायचंय. पुण्या-मुंबईला न जाता जमेल का? परीक्षा कोणती, कमाई किती आणि नाव कसं होतं?"

शेवटून सुरू करतो, कारण तुमचा जीव तिथंच अडकलेला दिसतो. नाव होतं. मी २००१ साली विम्याची एजन्सी घेतली, २००४ पासून म्युच्युअल फंड विकू लागलो, २००६ पासून जिल्हा पुरवणीत स्तंभ लिहितो, २०११ पासून आकाशवाणीवर श्रोत्यांच्या पैशांविषयीच्या प्रश्नांना उत्तरं देतो आणि बजेटच्या दिवशी टीव्हीवाले मला शोधत येतात. माझ्या गावच्या, दारव्ह्याच्या बसस्टँडवर चहावाला माझ्याकडून पैसे घेत नाही. पण लेखन, रेडिओ आणि टीव्ही मिळून आजवर जे मानधन हाती आलं त्यात एक बरी मोटरसायकल येईल, चारचाकी येणार नाही. घर चाललं ते टेबलासमोर बसलेल्या माणसांवर. म्हणून आधी हे समजून घ्या की तुम्ही एका धंद्याविषयी विचारताय, पण ते दोन धंदे आहेत. एकात सगळ्यांना सांगायचं असतं, दुसऱ्यात एकाला. आणि जे सगळ्यांना सांगणं बरोबर असतं, तेच एकाला सांगितलं तर त्याचं घर बसू शकतं.

मला हे २००८ मध्ये कळलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात माझा लेख आला होता: दीर्घ मुदतीसाठी शेअर बाजारासारखं दुसरं साधन नाही. सेन्सेक्स तेव्हा २१ हजारांच्या दारात होता. एका निवृत्त गुरुजींनी तो लेख कापून पाकिटात ठेवला आणि भविष्य निर्वाह निधीची बरीचशी रक्कम माझ्याचकडून इक्विटी फंडात घातली. मी विचारलं नाही की हे पैसे कशाचे. गुरुजींनी सांगितलं नाही की मे महिन्यात मुलीचं लग्न आहे. मे उजाडला तेव्हा सेन्सेक्स १६-१७ हजारांवर आला होता आणि गुरुजींच्या रकमेतला जवळपास चौथा हिस्सा गेला होता. ते रागावले नाहीत. कात्रण टेबलावर ठेवून म्हणाले, "भाऊ, तुम्ही दीर्घ मुदत लिवली होती. पाच महिने झाले न?"

माझ्या लेखातली दीर्घ मुदत सात-आठ वर्षांची होती. ज्या घरात पेरणीपासून वेचणीपर्यंतच्या हिशेबावर वर्ष जातं, तिथं पाच महिने म्हणजे दीर्घच. लेख तसा खोटा नव्हता. ऑक्टोबरात सेन्सेक्स ८ हजारांच्याही खाली जाऊन आला आणि २०१० च्या दिवाळीत परत २१ हजारांवर पोचला, म्हणजे लेख बरोबर ठरला. लग्न तोवर होऊन गेलं होतं, सावकाराच्या पैशावर. तेव्हापासून मी 'दीर्घ' हा शब्द वर्षांचा आकडा जोडल्याशिवाय लिहिलेला नाही, आणि समोर बसलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारतो: हे पैसे तुम्हाला परत कधी लागणार?

आता परीक्षा. इथं बहुतेक पोरं गोंधळतात, कारण बाहेर सगळेच स्वतःला सल्लागार म्हणवतात. कायद्यानं दोन रस्ते वेगळे आहेत. पहिला वितरकाचा. एनआयएसएमची, म्हणजे सेबी या शेअर बाजाराच्या सरकारी नियंत्रकानं उभारलेल्या संस्थेची, पाच-अ मालिकेची परीक्षा द्यायची, १०० गुणांपैकी ५० मिळाले की पास. मग म्युच्युअल फंड कंपन्यांच्या संघटनेकडून, म्हणजे अँफीकडून, एआरएन हा नोंदणी क्रमांक घ्यायचा. तुमचं उत्पन्न फंड कंपनी देते, गिऱ्हाईक देत नाही. दुसरा रस्ता सेबीच्या नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागाराचा. त्याला दहा-अ आणि दहा-ब अशा दोन परीक्षा, ६० टक्के गुण, वर चुकीच्या उत्तराला गुण कापतात. इथं फी गिऱ्हाईक देतं आणि कमिशनला हात लावायचा नाही. सल्लागारांविषयीचे नियम २०१३ चे आहेत, पण २०२० मध्ये ते आवळले गेले: एकट्या व्यक्तीनं सल्ल्याची नोंदणी घेतली की वितरण बंद. वितरकांनी पाटीवर सल्लागार म्हणून मिरवायचं नाही, हेही तेव्हाच पक्कं झालं. आमच्या गावात त्या वर्षी पेंटरला बरं काम मिळालं.

मी एआरएन सोडला आणि दुसऱ्या रस्त्याला लागलो. तेव्हा पदव्युत्तर पदवी आणि पाच वर्षांचा अनुभव लागायचा, माझं एम.कॉम. तिथं कामी आलं. तुमच्यासाठी गोष्ट सोपी झाली आहे. डिसेंबर २०२४ च्या बदलांनंतर पदवी पुरते, आणि स्वतःची मालमत्ता दाखवण्याऐवजी अनामत ठेवायची असते. १५० गिऱ्हाइकांपर्यंत ती १ लाख रुपये आहे. दुसरा कामधंदा सांभाळून अर्धवेळ सल्लागार होण्याचीही सोय आता केली आहे. तरी देशभरात नोंदणीकृत सल्लागार हजाराच्या आसपासच आहेत. यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्यांपेक्षा माझ्या ओळखीचे सल्लागार कमी भरतील.

कमी का, ते कमाईच्या हिशेबात कळतं. वितरकाचं घ्या. २००९ च्या ऑगस्टपर्यंत गिऱ्हाइकाच्या रकमेतून सव्वादोन टक्के प्रवेशभार कापला जायचा आणि त्यावर आमची चूल पेटायची. सेबीनं तो बंद केला. पुढे २०१८ मध्ये आगाऊ कमिशनही थांबवलं. आता जितकी रक्कम फंडात राहील तितक्यावर दरवर्षी थोडं थोडं येत राहतं. इक्विटी फंडात ते साधारण पाऊण टक्क्याच्या आजूबाजूला धरा. समजा तुम्ही १०० घरं जोडली आणि प्रत्येकाचा महिन्याचा हप्ता २,००० रुपये. वर्षाला २४ लाख जमा होतील, चार वर्षांत मुद्दल ९६ लाख. म्हणजे चार वर्षं वणवण केल्यावर, कोणी मधेच पैसे काढले नाहीत असं धरून, तुमची वर्षाची मिळकत ७०-८० हजार. पेट्रोल तुमचं. म्हणूनच गावोगावी माणसं विम्याकडे झुकतात, कारण तिथं पहिल्या वर्षाच्या हप्त्यातला मोठा तुकडा लगेच हातात पडतो. मी त्यांना नावं ठेवत नाही, मीही तीन वर्षं तेच केलं. फक्त ज्या कास्तकाराला २० वर्षांची पॉलिसी विकली त्याचा तिसऱ्या वर्षी हप्ता चुकला, की बाजाराच्या दिवशी तो समोरून येतो आणि आपण पानठेल्याकडे वळतो. शहरातल्या एजंटाला ही अडचण नसते.

आता फीचा हिशेब. मी एका घरामागे वर्षाला ६,००० रुपये घेतो. पहिल्या वर्षी ज्यांना सांगितलं त्यांतले निम्मे हसले. एकानं तोंडावर विचारलं, "डॉक्टर पैसे घेते त गोळी तरी देते. तुमी काय देता?" त्याला मी त्याच्याच कागदांवर दाखवलं: रेग्युलर योजनेऐवजी डायरेक्ट योजना घेतली तर १० लाखांवर वर्षाला ७-८ हजार वाचतात, कारण त्यात वितरकाचं कमिशन नसतं. ही सोय १ जानेवारी २०१३ पासून आहे आणि खेड्यात ती आजही कोणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्याचं त्यात नुकसान आहे. पण ज्याच्याकडे १० लाख आहेत त्यालाच हा हिशेब पटतो. ज्याच्याकडे ४० हजार आहेत त्याच्याकडून ६,००० घेणं म्हणजे पाप. त्याला मी फुकट सांगतो, आणि शहाणपणा म्हणजे त्याचं नाव गिऱ्हाइकांच्या यादीत घालत नाही. फी रोख घेता येत नाही, चेकनं नाहीतर यूपीआयनं, सगळं बँकेतून. कोणी तुरीची डाळ आणून देतो ती घेतो. फीत धरत नाही. सेबीच्या नियमात रोकड बसत नाही, तिथं डाळ कुठून बसणार?

आणि फी एप्रिलमध्ये मागायची नाही. हे लिहून ठेवा. एप्रिल-मे म्हणजे बियाणं-खताची जुळवाजुळव, शाळेची फी, लग्नं. फी मागायची ती डिसेंबर-जानेवारीत, कापसाचे चुकारे खात्यात पडले की. मास्तर, वीज मंडळातले, वणीकडचे कोळसा खाणीतले निवृत्त लोक, यांच्याकडून कधीही घ्या. माझी निम्मी गिऱ्हाइकं तीच आहेत, खोटं कशाला बोलू.

उरलेली निम्मी कास्तकार मंडळी, आणि खरं शिक्षण तिथं झालं. महिन्याच्या हप्त्याची, म्हणजे एसआयपीची, जाहिरात सगळीकडे असते. पण महिन्याच्या महिन्याला पगार कुणाला मिळतो? सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास घरात येतं, कापूस दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत थोडा थोडा. चार महिने पैसा दिसतो, आठ महिने दिसत नाही. अशा माणसाच्या खात्याला दर ५ तारखेचा हप्ता लावला की जुलैत तो परत जातो, बँक दंड कापते आणि माणूस कायमचा म्हणतो, हे आपलं काम नाही. त्याला मी असं बसवून देतो: चुकारा आला की घरखर्च आणि पुढच्या हंगामाचं बियाणं-खत बाजूला, पीककर्जाची मार्चची भरणी बाजूला, उरलं ते एकरकमी लिक्विड फंडात, म्हणजे हवे तेव्हा पैसे काढता येतात अशा कमी जोखमीच्या फंडात, आणि तिथून दर महिन्याला ठरावीक रक्कम इक्विटी फंडात आपोआप सरकत राहील. याला एसटीपी म्हणतात. खात्यात पैसे नसल्याचा प्रश्नच येत नाही. पीककर्जाची भरणी मी मुद्दाम पुढे ठेवतो. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर केंद्राची आणि राज्याची व्याज सवलत धरून व्याज जवळपास शून्यावर येतं. कर्जमाफीची वाट पाहत थकीत राहिलेल्यांना दोन-तीनदा माफी मिळालीही, २००८ ला, २०१७ ला, २०१९ ला. मधल्या काळात त्यांना बँकेचं दार बंद होतं आणि ते सावकाराकडे गेले, तो हिशेब कोणी मांडत नाही.

सेबीच्या नियमाप्रमाणे सल्ला देण्याआधी गिऱ्हाइकाची जोखीम क्षमता तपासावी लागते. प्रश्नावली असते. त्यात एक प्रश्न हमखास: तुमची गुंतवणूक २० टक्क्यांनी घसरली तर तुम्ही काय कराल? एका म्हाताऱ्यानं मला उत्तर दिलं, "कापूस त दरसाल पडते, भाऊ. काय करतो? पुन्हा पेरतो." प्रश्नावलीच्या गणितात हा माणूस कमालीचा धाडसी निघाला, सगळा पैसा शेअर बाजारात लावण्याजोगा. मी तो निकाल बाजूला ठेवला आणि का ठेवला ते फाइलीत लिहिलं. ज्याचं सगळं आयुष्य पावसावर, बोंडअळीवर आणि भावावर लावलेलं आहे, त्यानं जोखीम आधीच पोटभर घेतली आहे. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं उभी पऱ्हाटी खाल्ली. सोयाबीन २०२१ च्या ऑगस्टमध्ये काही बाजारांत १० हजारांवर गेलं आणि नवा माल यायला लागल्यावर निम्म्यावर आलं. अशा माणसाचा बाजूला पडणारा पैसा बराचसा सुरक्षित हवा. पोस्टात, बँकेत, कर्जरोखे फंडात. शेअर बाजार चवीपुरता. पगारदाराला मी याच्या उलट सांगतो, कारण त्याचा पगार म्हणजे दरमहा व्याज देणारी ठेवच आहे. दोघांना एकच सल्ला देणारा माणूस टीव्हीवर शोभतो.

कारंज्याच्या बाजूनं समृद्धी महामार्ग गेला, तेव्हा २०१७-१८ मध्ये थेट खरेदीनं जमिनी घेतल्या गेल्या. कोरडवाहू चार-पाच एकरवाल्याच्या खात्यात एका दिवशी इतके पैसे आले की बँकेचा शिपाई त्याला 'साहेब' म्हणू लागला. त्या दिवसांत माझ्याकडे जितकं काम होतं तितकं आधी नव्हतं, नंतरही नाही. एका घराचं सांगतो. माझ्याआधी त्यांच्या अंगणात ट्रॅक्टरवाला, गाडीवाला, दोन पतसंस्थांचे व्यवस्थापक, नागपूरचे प्लॉट विकणारे आणि सहा महिन्यांत दुप्पट करून देणारा एक पाहुणा इतके येऊन गेले होते. मी पहिला सल्ला दिला तो असा की सहा महिने काही करू नका. रक्कम दोन-तीन मोठ्या बँकांत छोट्या मुदतीला ठेवा आणि झोपा. मालक नाराज झाला. त्याला वाटलं, एवढा रेडिओवर बोलणारा माणूस आणि सांगतो काय, तर झोपा.

त्या सहा महिन्यांत जे बाहेर आलं ते पैशापेक्षा वेगळंच होतं. दोन बहिणींची नावं सातबारावर होती आणि हक्कसोड करून द्यायला त्यांनी नकार दिला होता. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलाइतकाच आहे, हे मालकाला वकिलानं सांगितलं होतं, पण त्याला ते माझ्या तोंडून नको होतं. मी रक्षाबंधनाच्या आधी सांगितलं आणि चहा न घेता परत आलो. पोळ्याला त्यांचा फोन आला. हिस्से झाले. उरलेल्यातून कर्ज फिटलं, दुसऱ्या शिवारात ओलिताची तीन एकर घेतली, घरावर स्लॅब पडला. मगच गुंतवणुकीचं बोलणं झालं. कराचं मात्र सगळ्यांनाच सांगावं लागलं: गावखेड्यातली शेतजमीन आयकराच्या दृष्टीनं भांडवली मालमत्ता धरत नाहीत, म्हणून विक्रीच्या रकमेवर भांडवली नफ्याचा कर नाही. पण जवळच्या नगर परिषदेची लोकसंख्या दहा हजार ते एक लाख असेल तर हद्दीपासून २ किलोमीटरच्या आतली जमीन यात बसत नाही, मोठ्या शहरांजवळ ते अंतर ६ आणि ८ किलोमीटर होतं. आणि त्या पैशावर बँकेत जे व्याज मिळेल ते करपात्रच. हा दुसरा भाग अर्ध्या गावाला माहीत नव्हता. नोटिसा आल्या तेव्हा कळला.

दुप्पट करून देणाऱ्या पाहुण्याचं काय झालं ते विचारू नका. अशा योजनांविरुद्ध राज्याचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, केंद्राचा २०१९ चा कायदा आहे. पण खेड्यात कायद्याआधी मावसभाऊ पोचतो, आणि मावसभावाला नाही म्हणणं अवघड. मी एकच आकडा सांगतो. पोस्टातलं किसान विकास पत्र आज साडेसात टक्के व्याजावर ११५ महिन्यांत पैसे दुप्पट करतं. सरकारला साडेनऊ वर्षं लागतात ते या माणसाला सहा महिन्यांत कसं जमतं, एवढं विचारा. उत्तर ऐकायची गरज पडत नाही. आताचे पाहुणे मोबाइलमधून येतात, ट्रेडिंगचा ग्रुप, खोट्या ॲपवर वाढत जाणारे आकडे. भाषा नवी, मावसभाऊ तोच.

यावरून तुमच्या नोकरीकडे येतो. पिग्मी गोळा करता याचा तुम्हाला कमीपणा वाटतो असं प्रश्नावरून दिसतं. मला विचाराल तर या धंद्याची याहून चांगली शाळा नाही. कोणत्या दुकानाचा गल्ला कुठल्या महिन्यात आटतो, कोणती बाई नवऱ्याला न सांगता ५० रुपये टाकते, कोण भिशी लागल्यावर पिग्मी बंद करतो, हे तुम्हाला दारात उभं राहून कळतं. मला ते कळायला दहा वर्षं लागली. पण एक अडचणीची गोष्ट आहे. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, ठेव विम्याचं ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ते १ लाख होतं. पतसंस्थेच्या ठेवीला हे संरक्षण नाही. तुमच्या संस्थेतल्या ठेवीदारानं उद्या तुम्हाला सल्लागार म्हणून विचारलं की माझे आठ लाख इथं ठेवू का, तर तुम्ही काय सांगणार? पगार देणाऱ्याच्या काउंटरवर बसून याचं खरं उत्तर देता येत नाही. माझ्या माहितीतल्या एकानं ते दिलं आणि त्याच आठवड्यात तो घरी बसला. अर्धवेळ नोंदणीची सोय आहे म्हटलं, पण नोकरी पतसंस्थेतली आणि सल्ला ठेवींवरचा, हे दोन्ही एका माणसात नांदणार नाही. वितरकाच्या रस्त्यानं सुरुवात करायची असेल तरीही संस्थेच्या अध्यक्षांची लेखी परवानगी घ्या.

आता टीव्ही. बजेटच्या दिवशी काय होतं ते सांगतो. सकाळी नागपूरहून फोन येतो, साडेअकराला तुम्हाला जोडतो. साडेअकराला वीज जाते. मी गच्चीवर, मोबाइल विटेला टेकवून, मागं शेजाऱ्यांची वाळत घातलेली धुणी. एक वाजता निवेदिका विचारते, विदर्भातल्या शेतकऱ्याला काय मिळालं? वेळ ४० सेकंद. १ फेब्रुवारी २०२५ ला किसान क्रेडिट कार्डावरच्या सवलतीच्या कर्जाची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाख करण्याची घोषणा झाली. मी ती सांगितली, चांगली आहे म्हणालो. 'पण बँकेला आदेश यायचाय' हे वाक्य बोलेपर्यंत जाहिराती लागल्या. सोमवारी तीन जण सातबारा घेऊन शाखेत गेले आणि व्यवस्थापकाला म्हणाले, टीव्हीवर भाऊंनी सांगितलं. व्यवस्थापकानं मला फोन करून जे सांगितलं ते इथं लिहीत नाही. त्यानंतर मी अट आधी बोलतो, घोषणा नंतर. ४० सेकंद संपले तरी चालतात.

बोलण्याचेही नियम आहेत, ते पोरांना माहीत नसतात. कोणता शेअर घ्या, कोणता विका हे जाहीरपणे सांगायचं तर त्यासाठी सेबीची वेगळी नोंदणी लागते. २०१४ चे संशोधन विश्लेषकांचे नियम आहेत, आणि स्वतःचा हितसंबंध उघड करावा लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका व्यवसाय वाहिनीवरच्या पाहुण्या तज्ज्ञांवर सेबीनं कारवाई केली. ते पडद्यावर कोणता शेअर सांगणार हे आधीच ओळखीच्यांना कळवत, ओळखीचे आधी घेत आणि प्रेक्षकांनी भाव चढवला की विकत, असा आरोप होता. ७ कोटी ४१ लाखांचा नफा जप्त करण्याचा आदेश झाला. यूट्यूबवर शिकवतो म्हणणाऱ्यांनाही जानेवारी २०२५ मध्ये बंधन आलं: नुसतं शिक्षण असेल तर उदाहरणातले भाव तीन महिन्यांहून जुने हवेत, असं तेव्हा ठरलं. मी तर शेअरचं नावच घेत नाही. श्रोते कुरकुरतात. कुरकुरू देत.

मग बोलायचं कशाला, असं तुम्ही विचाराल. काही गोष्टी खरोखर सगळ्यांना एकाच वाक्यात सांगता येतात, आणि तिथं रेडिओसारखी गोष्ट नाही. प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता ४३६ रुपये आणि अपघात विम्याचा २० रुपये. दोन्हींत २ लाखांचं संरक्षण. विमा वर्ष १ जून ते ३१ मे, म्हणून हप्ता खात्यातून कापला जातो तो मे महिन्याच्या अखेरीस. आता सांगा, कास्तकाराचं खातं वर्षात सगळ्यात रिकामं कधी असतं? बियाणं घेऊन झालेलं असतं, कर्ज मंजूर व्हायचं असतं. खात्यात ११० रुपये. हप्ता कापला जात नाही, विमा गळून पडतो, घरात कोणाला पत्ता नसतो. जुलै-ऑगस्टमध्ये साप चावतो, वीज पडते, विहिरीवर मोटरचा शॉक बसतो, आणि बाई पासबुक घेऊन बँकेत जाते तेव्हा कळतं की मागच्या वर्षीपर्यंत विमा होता. अशी तीन पासबुकं मी एका वर्षात पाहिली.

तेव्हापासून दरवर्षी मेच्या दुसऱ्या आठवड्यात रेडिओवर मी कुठलाही विषय असो, एक वाक्य घुसवतो: ४५६ रुपये खात्यात ठेवा, महिना संपेपर्यंत हात लावू नका. निर्मात्याला ते पाठ झालंय, तो काचेपलीकडून बोटं दाखवतो, चार, पाच, सहा. स्तंभातही छापतो, चौकटीत. याला अर्थविश्लेषण म्हणायचं का ते मला माहीत नाही. पण माझ्या इतक्या वर्षांच्या बोलण्यातलं असं हे एकच वाक्य आहे, जे मास्तर, मजूर, बटईवाला, पाटील, कोणालाही सांगितलं तरी चुकत नाही. वयाची अट तेवढी पाळावी लागते: जीवनज्योतीत पन्नाशीच्या आत शिरायचं, अपघात विम्याला सत्तरीपर्यंत चालतं.

तर करायचं काय ते. नोकरी इतक्यात सोडू नका. पाच-अ ची परीक्षा दिवाळीआधी देऊन टाका, अभ्यास महिन्याभराचा आहे. दहा-अ, दहा-ब ला वर्षभर द्या, त्यात कराचा आणि निवृत्ती नियोजनाचा भाग नीट वाचा, तो रोज लागतो. वर्षभराचा घरखर्च बाजूला पडल्याशिवाय फीच्या भरवशावर उडी मारू नका, मी मारली तेव्हा बायकोची शिक्षिकेची नोकरी होती, हे लोकांना सांगताना मी विसरतो. लिहायची हौस असेल तर पिग्मीच्या वहीतून सुरुवात करा, नावं वगळून. आणि जानेवारीत, चुकारे सुरू झाले की, एखाद्या शनिवारी दारव्ह्याला या. माझ्या टेबलाच्या बाजूला एक जादा खुर्ची आहे. दोन महिने शनिवार-रविवार तिथं बसायचं, बोलायचं नाही, लिहून घ्यायचं. पगार नाही. गिऱ्हाईक उठून गेलं की मी विचारीन, हा माणूस खरं काय विचारायला आला होता. फेब्रुवारीअखेर दहातल्या सहांचं बरोबर सांगितलंत, तर पुढल्या वर्षीच्या बजेटला गच्चीवर मोबाइल धरायला तुम्हालाच बोलावतो. विटेवरून तो दोनदा पडलाय.